‘लिहायला काही सुचतच नाही’ : हा बिघाड कुठून शोधायचा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतीपंप, पिठाच्या गिरण्या, उसाचे चरक, सगळ्यांच्या मोटारी येतात. लिहायला लागून नऊ वर्षं झाली, आधी वहीत आणि मग ऑनलाइन. गेली पाच-सहा वर्षं नव्यानं लिहिणारी पोरं-पोरी आणि काही निवृत्त मंडळी दुकानात येऊन बसतात, नाहीतर रात्री फोन करतात. तक्रार बहुतेक एकच असते: "सुरुवात तर जोरात झाली, पण आता काय लिहू तेच कळंना." हा बिघाड मी इतरांचा इतक्या वेळा पाहिलाय आणि स्वतःचा इतक्या वेळा काढलाय, की आता तपासणीचा क्रम ठरून गेलाय. तो इथं देतो.

क्रमावर माझा भर आहे. मोटार बंद पडली म्हणून कुणी घेऊन आलं तर मी लगेच खोलत नाही. आधी फ्यूज, मग स्टार्टर, मग कपॅसिटर, आणि वाइंडिंग, म्हणजे मोटारीच्या आतली तारेची वेटोळी, सगळ्यात शेवटी. फ्यूज गेलेला असताना मोटार खोलली तर शेतकऱ्याचे पैसे जातात आणि पाण्याची पाळीही चुकते. नवा लिहिणारा मात्र पहिल्याच दिवशी वाइंडिंग उघडून बसतो आणि म्हणतो, "माझ्यात ते नाहीच." तिथपर्यंत जायची वेळ क्वचित येते.

लक्षणं

यातली दोन-तीन जुळली तरी पुढं वाचा.

पहिले पाच-सहा लेख भराभर झाले आणि सातव्याला गाडी अडली. हे इतकं ठरलेलं आहे की मी आता विचारतो, "कितवा चाललाय?" पहिल्या पाच-सहा लेखांत आयुष्यभर साठलेलं बाहेर पडतं: शाळा, आजी, पहिली नोकरी, गावची जत्रा. सातव्यापासून रोजच्या दिवसातून काढावं लागतं, आणि ती सवय अजून लागलेली नसते.

रात्री दहानंतर मोबाइल हातात घेता, एक ओळ टाइप करता, पुसता, परत तीच लिहिता.

लेखाची सुरुवात ‘आजच्या धावपळीच्या युगात’ अशी होते.

फक्त दिनविशेषाला लिहून होतं. शिवजयंती, महिला दिन, शिक्षक दिन. मधले दिवस कोरे.

दुसऱ्याचं साधंसं लिखाण वाचून चुटपुट लागते, "अरे, हे तर माझ्याही समोर घडलं होतं."

यातलं शेवटचं लक्षण मला सगळ्यात आशेचं वाटतं. समोर घडलं होतं, म्हणजे विहिरीत पाणी आहे. वर येत नाही, एवढंच.

पहिली तपासणी: विहिरीत पाणी आहे का?

खर्च काही नाही. वेळ पाच मिनिटं.

कुणाला तरी फोन लावा, नाहीतर मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि आजचा दिवस सकाळपासून सांगा. लिहायचं अजिबात नाही, फक्त बोलायचं. "काही घडलं नाही" असं म्हणायचं नाही. कुठं अडलात तर स्वतःला तीन प्रश्न विचारा: आज घराबाहेर पहिल्यांदा कुणाशी बोललो? पैसे कशाला दिले? रोजच्यापेक्षा काय उशिरा झालं किंवा लवकर झालं?

नर्सिंग शिकणारी एक मुलगी गारगोटीहून रोज एसटीनं कोल्हापूरला यायची. दुकानात बसून म्हणाली, "काय न्हाई दादा. उठलो, एसटीत बसलो, कॉलेज केलं, परत घरी." मी विचारलं, एसटी वेळेवर होती का? तर म्हणाली, "न्हाई, ती डबा घ्यायला थांबती की रोज." कसला डबा? मग तिनं सांगितलं. मधल्या एका थांब्यावर एक बाई फडक्यात बांधलेला डबा घेऊन उभी असते. पोरगा कोल्हापुरात खोली घेऊन शिकतोय. कंडक्टर डबा घेतो, पुढच्या सीटखाली ठेवतो, आणि स्टँडवर तो पोरगा सायकलवरून येऊन घेऊन जातो. "आणि दादा, एसटीला उशीर झाला की ती बाई थांब्यावर थांबत न्हाई. एसटी येती तिकडं चालत सुटती."

माझ्या हातातलं काम थांबलं. ही मुलगी ते रोज खिडकीतून बघत होती आणि मला सांगत होती की काही घडत नाही.

ही तपासणी पहिली ठेवण्याचं कारण हेच. बोलताना माणूस निवड करत नाही, लिहायला बसला की करतो. तोंडातून जे सहज येतं तेच बोट टाइप करायला लागलं की ‘हे काय लिहायचं’ म्हणून गाळलं जातं. पाच मिनिटं सलग बोलता आलं तर पाण्याचा प्रश्न नाही, पुढच्या तपासणीकडं चला. आठवडाभर रोज करूनही पाच वाक्यांपुढं जाता आलं नाही, आणि ते सांगण्यातही मन लागत नसेल, तर मधलं सगळं सोडून थेट ‘कुठं थांबायचं’ हा भाग वाचा.

दुसरी तपासणी: फूटवॉल गळतोय का?

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त बिघाड इथं सापडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विहिरीवरचा साधा पंप ज्यांनी चालवलाय त्यांना माहीत असेल. विहीर भरलेली, मोटार व्यवस्थित फिरतेय, आणि पाइपातून थेंब नाही. पंपानं हवा धरलेली असते. सक्शन पाइपाच्या खालच्या टोकाला असणारा फूटवॉल पाणी वर येऊ देतो, पण खाली जाऊ देत नाही. त्याच्या चामड्यात कचरा अडकला किंवा चामडं झिजलं की रात्रभरात पाइपातलं पाणी हळूहळू विहिरीत उतरतं. सकाळी बटण दाबलं तर पंप नुसती हवा घुसळतो. मोटारीत काही दोष नसतो आणि विहिरीतही नसतो. मधे धरून ठेवणारी वस्तू कामातून गेलेली असते.

लिहिणाऱ्याचा फूटवॉल म्हणजे टिपण. दिवसभर पाहिलेलं-ऐकलेलं रात्रीपर्यंत धरून ठेवणारं दुसरं काही नाही. ‘लक्षात राहील’ म्हणून सोडलेलं राहत नाही. राहतो तो फक्त अर्थ. माणूस काय म्हणाला याचा गोषवारा उरतो, त्याचे शब्द जातात, आणि लिखाणात जीव त्या शब्दांतच असतो.

दहा-वीस रुपयांची खिशात मावणारी वही घ्या. मोबाइलही चालतो, पण मोबाइल उघडला की माणूस भलतीकडंच जातो, म्हणून मी वही सांगतो. आता टिपायचं कसं, ते माझ्याच वहीतून दाखवतो. सुरुवातीच्या दिवसांत गंगावेशच्या दूध कट्ट्यावर गेल्यावर मी लिहिलं होतं:

‘संध्याकाळी गंगावेशला दूध प्यायला गेलो. गर्दी होती. छान वाटलं.’

दोन दिवसांनी वाचलं तर हातात काहीच येईना. कोण होतं, काय झालं, छान का वाटलं, सगळं गळून गेलेलं. पुढं टिपायला शिकल्यावर त्याच जागेचं हे टिपण:

‘गंगावेश, सव्वासात. म्हैस उभी, रवंथ चालू. धार पडायला लागली तेव्हा बादली टणटण वाजली, मग फेस आला तसा आवाज मऊ होत गेला. माझ्यापुढं एक आजोबा, बरोबर नातू. ग्लास तोंडाला लावून पोरगं म्हणालं, गरमाय की! आजोबा: तापवल्यालं न्हाई रं, तिच्या अंगातली ऊब हाय ती.’

लिहायला दोन मिनिटं लागली असतील. यातून पुढं एक लेख झाला, माझ्या घरी पिशवीतून येणाऱ्या दुधावर. माझ्या मुलानं दुधाला गार या एकाच गुणानं ओळखलं होतं. तो लेख मी बसून शोधला नाही, आजोबांच्या वाक्यामागून तो आपोआप आला.

टिपणात तीन गोष्टी असू द्या. जागा आणि वेळ. कानाला, नाकाला किंवा हाताला लागलेली एक तरी गोष्ट, कारण डोळ्यांनी पाहिलेलं सगळेच लिहितात. आणि कुणाच्या तरी तोंडचं एक वाक्य, जसंच्या तसं, बोलीत. मत लिहायचं नाही. ‘छान’, ‘वाईट’, ‘माणुसकी संपली’ असलं काही नाही. मत नंतर कधीही सुचतं, वाक्य परत ऐकायला मिळत नाही.

दिवसाला तीन टिपणं, सात दिवस. एकवीस टिपणांत लिहिण्याजोगं काहीच नाही, असं माझ्याकडं आलेल्यांपैकी कुणाचंच झालं नाही. काहींनी सात दिवस केलंच नाही, ती गोष्ट वेगळी.

तिसरी तपासणी: बसायची वेळ

ही पटकन होते. रात्री अकराला, दिवसाची सगळी कामं उरकून, डोळे मिटत असताना लिहायला बसत असाल तर जे अडतंय ते झोपेमुळं. आठ दिवस वेळ बदला. पहाटे उठवत नसेल तर दुपारच्या डब्यानंतरची पंधरा मिनिटं घ्या. बसण्याआधी टिपणवही वाचा आणि त्यानंतर अर्धा तास मोबाइल बघू नका. पंपात वरून पाणी ओतून तो भरून घेतो तसंच हे आहे, रिकामा चालू केला तर उचलत नाही.

चौथी तपासणी: विषय हातात मावतोय का?

शिरोळ तालुक्यातला एक मुलगा तीन आठवडे एकाच लेखावर अडला होता. विषय होता ‘महापूर’. पूर त्यानं स्वतः पाहिलेला, २०१९ चा आणि २०२१ चाही. २००५ चा घरात ऐकलेला. माहिती भरपूर होती. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे त्याला पाठ होतं. आमच्याकडं पावसाळ्यात ते लहान पोरांनाही पाठ असतं. तरी लेख पुढं जाईना, कारण महापूर कुणाच्याही दोन हातांत मावत नाही.

मी त्याला एकच विचारलं, "पाणी चढायला लागल्यावर तुझ्या घरात सगळ्यात आधी काय उचललं?" तो म्हणाला, जनावरं सोडली. मग म्हणाला, थांबा, आजीला विचारतो. दुसऱ्या दिवशी फोन आला. आजीनं सातबाऱ्याची पिशवी पोटाशी बांधली होती आणि हातात विरजणाचं भांडं घेतलं होतं. छावणीत कुणीतरी तिला विचारलं, हे कशाला आणलं म्हातारे? आजी म्हणाली, "घर धुवून निघंल. इरजण कुठनं आणू?"

लेख त्या रात्रीत झाला. तीन आठवड्यांत न झालेला.

तुमचा विषय एका शब्दाचा असेल (शिक्षण, पाऊस, नाती, शेतकरी), तर तो लहान करत जा, जोपर्यंत त्यात एक माणूस, एक वस्तू आणि एक वेळ येत नाही. वाचणाऱ्याकडं महापुरावर मतं आधीच असतात, ते विरजणाचं भांडं मात्र त्यानं पाहिलेलं नसतं.

विषयांच्या तयार याद्या मिळतात, मशीनला विचारलं तरी शंभर विषय मिळतात. त्यावर दोन-तीन दिवस जातात. तेच विषय सगळ्यांकडं असतात आणि त्यात तुमची आजी नसते.

पाचवी तपासणी: भाषा कुणाची?

कधी कधी विषय जिवंत असतो आणि भाषेत गुदमरतो. ती एसटीवाली मुलगी लेख घेऊन आली तेव्हा पहिलं वाक्य होतं: ‘दैनंदिन प्रवासादरम्यान मला एक हृदयस्पर्शी दृश्य पाहावयास मिळाले.’ वाचून तीच म्हणाली, "दादा, सांगताना भारी वाटलं होतं, आता मेल्यासारखं वाटतंय."

आमच्याकडच्या कितीतरी मुली-बायका ‘मी आलो, मी गेलो, मी खाल्लो’ असं बोलतात. लिहिताना तीच मुलगी ‘मी गेले’ लिहीत होती, आणि प्रत्येक क्रियापदाला क्षणभर थांबत होती. स्वतःच्या तोंडची भाषा वहीत चालत नाही, असं तिला कुणीतरी शाळेत शिकवलेलं. मी म्हटलं, पहिला खर्डा बोलतेस तसा लिही, ‘चढलो’ तर ‘चढलो’. शेवटी तिनं निवेदन प्रमाण भाषेत ठेवलं आणि बोलणी जशीच्या तशी. पण पहिला खर्डा बोलीत झाला म्हणूनच तो पूर्ण झाला.

तपासायचं कसं? अडलेला परिच्छेद मोठ्यानं वाचा. घरातल्या माणसाला जे वाक्य तोंडानं सांगताना लाज वाटेल ते काढा. कागदाखेरीज कसला खर्च नाही. फक्त थोडं धाडस लागतं, म्हणून पाचवी.

सहावी तपासणी: तीच जागा, वेगळी वेळ

प्रेरणेसाठी फिरायला जा, असं सगळे सांगतात. मग लोक पन्हाळ्याला जातात, जोतिबाला जातात, फोटो काढतात आणि परत येऊन पुन्हा अडतात. नव्या जागी माणूस जागाच बघत बसतो. त्यापेक्षा ओळखीच्या जागी अनोळखी वेळेला जा.

अंबाबाईच्या किरणोत्सवाचं उदाहरण मला नेहमी आठवतं. जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि नोव्हेंबरमध्ये, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन गाभाऱ्यातल्या मूर्तीपर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी पावलांशी, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. कधी ढग आडवे येतात, कधी किरणं मधेच विरतात. मंदिर तेच, सूर्य तोच. तरी माणसं श्वास धरून उभी असतात, कारण काल कुठपर्यंत आली होती ते त्यांना ठाऊक असतं.

‘काल कुठपर्यंत’ हे ठाऊक असणं, एवढंच लागतं. रंकाळ्यावर रोज संध्याकाळी जात असाल तर एकदा सकाळी साडेपाचला जा. कपिलतीर्थ मंडईत भाजी उतरताना जा, विकताना तर गेलेलाच आहात. स्टँडवर शेवटची गाडी सुटल्यावर दहा मिनिटं थांबा. नेहमीचं चित्र डोक्यात असल्यामुळं काय वेगळं आहे ते आपोआप डोळ्यात भरतं, आणि टिपायचं ते तेवढंच.

सातवी तपासणी: विचारता का?

इथून पुढं जरा अवघड. आतापर्यंत एकट्यानं जमत होतं, आता दुसऱ्या माणसापुढं उभं राहायचंय.

नव्या लेखकाची विहीर खरंच आटू शकते, जर त्यात फक्त स्वतःचंच पाणी असेल. दुसऱ्याच्या कामाबद्दल विचारलं तर ती भरते. बहुतेक जण चुकीचं विचारतात, ‘तुमच्या अडचणी काय?’ मग ठरलेली उत्तरं येतात, जणू बातमीदार आलाय. माझा एकच प्रश्न असतो आणि तो अजून वाया गेलेला नाही: "झालं, हे तुम्हाला कसं कळतं?"

हा प्रश्न मी पहिल्यांदा वडणग्याच्या बाजूला एका गुऱ्हाळात विचारला. मोटार बसवायला गेलो होतो. चुलवाणात चिपाडं जळत होती, काहिलीतला रस आटून पाक होत आला होता, मळी कधीच काढून झाली होती. गुळव्या साठीचा असेल. तो पाकाकडं बघतच नव्हता, तोंड दुसरीकडं करून उभा. मी विचारलं, मामा, उतरवायची वेळ झाली हे कळतं कसं? त्यानं हुंगून दाखवलं. "वास बदलतोय बघा. नाकाला आधी कळतंय, हात नुसती खात्री करतोय." मग थोडा पाक गार पाण्यात सोडला, पाण्यातच बोटांनी त्याची गोळी वळली आणि काहिलीच्या कडेवर आपटली. टक्. त्या आवाजासरशी चौघं उठले आणि काहील वाफ्यावर नेली. कुणी कुणाला हाक मारली नाही.

त्याच रात्री मला कळलं की हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. मोटार उघडली की जळलेल्या वाइंडिंगवरून मला कळतं ती कशी मेली. वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती, स्टार आणि डेल्टा. स्टारमधल्या मोटारीचे दोन फेज काळे आणि एक स्वच्छ दिसला, की लाइनचा एक फेज गेला होता आणि मोटार उरलेल्या दोनांवर ओढत राहिली. डेल्टात असेल तर उलट, एकच काळा होतो. सगळीकडं सारखं करपलं असेल तर ओव्हरलोड. वर्षानुवर्षं मी हे वाचत होतो, आणि यात लिहिण्यासारखं काय आहे असं समजत होतो. माझा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख त्याच्यावरचा आहे.

तुम्ही जे काम रोज करता, त्यात ‘झालं’ हे तुम्हाला कसं कळतं? भाकरी उलटायची वेळ, गणितात पोरगं कुठं अडलंय ते, गिऱ्हाईक घेणार की नुसतं बघणार ते. तिथून सुरू करा.

एक पथ्य मात्र पाळा. ज्याचं लिहाल त्याला आधी सांगा, नाव बदला, गाव नको म्हणाला तर गाव काढा. दुसऱ्या माणसाचं दुःख आपल्या लेखासाठी फुकट मिळालेला माल नव्हे.

आठवी तपासणी: आत काय जातंय?

रोज दोन तास दुसऱ्यांच्या चार-चार ओळींच्या पोस्ट वाचत असाल तर तुमच्या मनात त्यांचेच विषय त्यांच्याच चालीवर येणार. आठवड्याला एक तरी लांब गोष्ट वाचा, छापलेली. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून याच गावात आहे. १९७४ चं ज्ञानपीठ मिळालेले, मराठीतले त्या पुरस्काराचे पहिले मानकरी वि. स. खांडेकर याच गावात राहून लिहीत होते. वाचायला गावात काही कमी नाही. स्वतःच्या विषयाबाहेरचंही वाचा: पाककृती, शेतीचं मासिक, जुनं चरित्र. हा उपाय उशिरा लागू पडतो, महिना-दोन महिने जातात, म्हणून एवढा खाली ठेवला. आज रात्री अडलेल्याला तो उपयोगी नाही.

नववी तपासणी: विषय येतो, पण कोण परत पाठवतं?

आता वाइंडिंग. आधीच्या आठ तपासण्या झाल्याशिवाय इथं हात घालू नका.

कोरा कागद घ्या आणि ‘मी कधीच लिहिणार नाही’ अशा दहा गोष्टी लिहा. कुणाला दाखवायच्या नाहीत, फक्त एक-एक ओळ. ही यादी दहा मिनिटांत भरली, तर तुम्हाला सुचत नाही हे खरं नाही. सुचतं, आणि दारातून परत पाठवलं जातं. काका वाचतील, ऑफिसात कळेल, आई दुखावेल.

एका निवृत्त शिक्षकांची यादी चौदावर गेली. पहिली ओळ होती: ‘वडिलांना सही मी शिकवली आणि त्यांचं पहिलं अक्षर बघून हसलो.’ सोसायटीच्या कर्जासाठी सही हवी होती, वडील तोवर अंगठा उठवायचे. गुरुजी तेव्हा सातवीत. ते ‘प्रेरणादायी शिक्षणविचार’ या विषयावर दोन महिने अडले होते. ती ओळ त्यांनी मला वाचून दाखवली आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

त्यांनी ते लिहिलं, पण लगेच ऑनलाइन टाकलं नाही. आधी बहिणीला वाचून दाखवलं. बहीण म्हणाली, "आण्णांना ठाऊक होतं तू हसलास ते. पण सही त्यांनी तशीच ठेवली की शेवटपर्यंत." ते वाक्यही मग लेखात आलं.

भीती जावी म्हणून थांबू नका, ती जात नाही. फक्त लिहिणं आणि टाकणं या दोन गोष्टी वेगळ्या करा. लिहिताना एकच माणूस डोळ्यांपुढं ठेवा, ज्याला हे सांगताना तुमचा आवाज बदलणार नाही. टाकायचं की नाही ते आठ दिवसांनी ठरवा. यादीतल्या दहापैकी नऊ गोष्टी कधीच बाहेर गेल्या नाहीत तरी चालेल. एक लिहून झाली की बाकी रोजचे विषयही मोकळे व्हायला लागतात, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलंय.

कुठं थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

हे मी नेहमी स्पष्ट सांगतो, कारण काही बिघाड माझ्यासारख्याच्या हातचे नसतात.

लिहिणंच नाही, कशातच मन लागत नाही, झोप बिघडलीय, जेवण जात नाही, माणसांत बसवत नाही, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडं जा. हा लेखनाचा प्रश्न नाही, आणि रोज तीन टिपणं काढून तो सुटणार नाही. स्वतःला लिहिण्याकडं ढकलत राहिलात तर ‘एवढंही जमत नाही’ हा आणखी एक भार डोक्यावर बसेल. सरकारी टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. जिवाचं काही करून घ्यावं असा विचार एकदाही आला असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका. आजच फोन लावा आणि घरातल्या एकाला सांगा.

एखादी जुनी जखम लिहायला घेतली आणि हात कापायला लागले, रात्री तेच दिसायला लागलं, तर तिथंच थांबा. पुरात माणूस गमावलेल्या एका बाईंना मीच एकदा ‘लिहा, मोकळं वाटेल’ म्हणालो होतो. त्यांना मोकळं वाटलं नाही, त्या पंधरा दिवस झोपल्या नाहीत. ती माझी चूक होती. तेव्हापासून मी हा सल्ला देत नाही. आधी समुपदेशक, मग लिखाण, आणि तेही त्यांना वाटलं तर.

खऱ्या माणसाविरुद्ध, नाव घेऊन किंवा ओळखू येईल असं, तक्रारीचं लिहिणार असाल तर टाकण्याआधी वकिलाला दाखवा. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे, आणि ‘मी खरंच लिहिलंय’ एवढं म्हणून सुटका होतेच असं नाही.

मनगट किंवा मान सारखी दुखत असेल, डोळ्यांपुढं धूसर होत असेल, तर त्याला आळस म्हणू नका. दाखवून घ्या.

आणि बिघाड परत आला तर?

येतोच. माझा दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये येतो. नदीकाठच्या मोटारी बुडतात आणि पाणी उतरलं की दुकानापुढं गाळानं भरलेल्या मोटारींची रांग लागते. खोला, धुवा, वाळवा, मेगर लावून इन्सुलेशन बघा. रात्री दहाला घरी, वही चार-चार दिवस कोरी. मग पहिल्यापासून सुरू करतो, पहिली तपासणी, पाच मिनिटं बोलायचं. गेल्या पावसाळ्यात बायकोला दिवस सांगत होतो, नेहमीचंच, किती मोटारी आल्या आणि किती राहिल्या. सांगता सांगता आठवलं की दुपारी एका मोटारीच्या फॅन कव्हरमधून गाळ खरवडताना मूठभर भाताचा तरवा निघाला होता. हिरवागार, मुळांसकट. गिऱ्हाईक शेजारीच उभं होतं. मी विचारलं, तुमचा का? त्यानं हातात घेऊन बघितला.

"आमच्यात ऊस हाय. वरच्या अंगाच्या कुणाचा तरी हाय ह्यो."

तेवढं उठून वहीत लिहिलं आणि झोपलो.